भिंतीवरचे दाजी

शनिवार पेठ, पुणे
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी इंद्रजीतचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असेलच. (ही ओळ आजवर सवयीने लिहीत आलो, या वेळी लिहिताना हात अडखळला. तरी ती शब्दशः खरी मानावी.) मुक्ताताईचे गुडघे, दोन्ही म्हशी आणि नव्या बोअरचं पाणी यांची खुशाली कळवावी. वारजे ते शनिवार पेठ एवढ्याशा अंतरासाठी टपाल खात्याला त्रास द्यायची माझी इच्छा नव्हती, पण गेल्या बारा दिवसांत मी अकरा वेळा फोन केला, तो आपण एकदाच उचललात, आणि म्हणालात, “मी मेलोय. मेलेल्या माणसाला कोन फोन करतं व्हय?” आणि ठेवून दिलात. मेलेल्या माणसाला पत्र पाठवावं की नाही याबद्दल आपण काही बोलला नाहीत, म्हणून लिहितो आहे.

आधीच सांगतो, मी माफी मागायला लिहीत नाही. काहीच मागायला लिहीत नाही. मी संतापलेलो आहे, आणि बारा दिवस संतापून एकटा बसलो की माणूस पत्र लिहितो. आपण बंगल्याच्या फाटकाला कुलूप लावलंत. माझी मालिका त्या बंगल्यात चालू आहे. मालिकेतल्या देशमुखांचं घर म्हणजे आपला हॉल, आपला जिना आणि आपलं तुळशीवृंदावन. पुढच्या सोमवारपासून दाखवायला माझ्याकडे एकही भाग शिल्लक नाही. सोमवारी भाग गेला नाही तर चॅनेल मालिका बंद करणार, आणि ती बंद झाली तर मला पुन्हा लग्नांचं शूटिंग करत फिरावं लागेल. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दाजी. आपण कुलूप लावताना याचा विचार केलात की फक्त चावी फिरवलीत?

निर्माता म्हणजे काय ते आमच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही आत्ताआत्ता कळायला लागलं आहे. सेटवर प्रत्येकाला काम असतं, निर्मात्याला नसतं. पण चहा गार झाला, जनरेटर बंद पडला, नायिकेची सासू रुसली, तर सगळे निर्मात्याकडेच बघतात. त्र्याण्णव साली मी पिंपरीची पर्मनंट नोकरी सोडली. बाहेरच्या कंपन्या येणार, शंभर चॅनेल येणार, असं पेपरात रोज छापून यायचं. मला वाटलं, शंभरांतलं एखादं तरी माझ्या दाराशी येईल. आलं नाही. दहा वर्षं मी लग्नं काढली, मुंजी काढल्या, खतं कशी टाकावीत यावर फिल्म काढली (ती बघून कोणी खत टाकलं असेल असं मला वाटत नाही), आणि एक चित्रपट काढला, तो पाच दिवस चालला. त्या चित्रपटातल्या मोर्च्यासाठी आपण तीन ट्रॅक्टर भरून माणसं आणलीत, हे मी विसरलेलो नाही. ती माणसं घोषणा द्यायच्या ऐवजी सरळ कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली, कारण आपण त्यांना वाटेत बजावलं होतं, तोंड दिसलं पाहिजे. हेही विसरलेलो नाही. तो मोर्चा पडद्यावर रेशनच्या रांगेसारखा दिसला, तरी मी आपल्याला एका शब्दाने बोललो नव्हतो. मोठी माणसं आपल्यासाठी काही करतात तेव्हा ते कसं केलं ते बघू नये, एवढं मला कळतं. आपल्याला मात्र माझ्या बाबतीत ते कळलं नाही, आणि माझा राग त्याचा आहे.

आता फोटोबद्दल. घडलं ते क्रमाने लिहितो, कारण आपण गावात जे सांगत फिरता त्यात क्रम नाही, नुसत्या शिव्या आहेत. ‘ओटीतले तांदूळ’ या मालिकेत (हे नाव माझं नाही, चॅनेलचं आहे) घरचे कर्ते पुरुष अप्पासाहेब देशमुख पहिल्या भागाच्या आधीच वारलेले आहेत. ते फक्त भिंतीवर असतात: हार, उदबत्ती, आणि समोर उभी राहून रडणारी त्यांची बायको. म्हणजे हवा फक्त एक फोटो. मला वाटलं, फोटोच तर आहे. पण हार घातलेला फोटो द्यायला या पुण्यात एक नट तयार होईना. ज्यांनी नाटकात चारचारशे वेळा मरून दाखवलं, ते म्हणायला लागले, घरी विचारून सांगतो, आणि घरून जे उत्तर यायचं ते यायचं. आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथे वर्षानुवर्षं लोकांनी न नेलेले फोटो पेटीत पडून आहेत. त्यांतला एक मागितला तर मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, “न नेलेले आहेत, गेलेले नाहीत.” आणि शटर ओढून घेतलं. तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती, म्हणजे शटर माझ्यासाठीच खाली आलं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत भिंत रिकामी. उत्कर्षा, आमची दिग्दर्शिका, रीतसर शिकून आलेली आहे, तिला रिकामी भिंत चालत नाही. ती म्हणाली, सर, कुठलाही चालेल असा चेहरा नको; हा माणूस घरात नाही म्हणून घर पोरकं झालंय असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. आणि हे बोलता बोलता ती आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच फोटोसमोर उभी होती. दूध सोसायटीचे चेअरमन झालात तेव्हाचा, फेट्यातला. खिळा तिथेच, फ्रेम तिथेच, उजेडही बरोबर तिथेच पडत होता. मी दोन मिनिटं गप्प बसलो. (दोनच मिनिटं, हा माझा दोष, आणि तो मी फक्त या कंसात कबूल करतो.) आपण आणि ताई त्या दिवशी खेड शिवापूरला लग्नाला गेला होतात. प्लास्टिकचा चंदनी हार सकाळी अकराला चढवला, संध्याकाळी पाचला उतरवला, काच स्वच्छ पुसली. आपण परत आलात तेव्हा आपण भिंतीवर होतात तसेच होतात. मला वाटलं, आपण बातम्या आणि कुस्त्या सोडून टीव्हीवर काही बघत नाही, ताई साडेसातला देवळात असते, तेव्हा कोणाला काही कळायचं कारण नाही.

तो भाग लागायच्या संध्याकाळी आपण अख्खी आळी गोळा कराल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सांगा, का केलीत गोळा? मालिकेचं कौतुक म्हणून नाही. बंगला टीव्हीवर दिसणार म्हणून. ज्वारीच्या रानात संगणकवाल्यांचे फ्लॅट उभे राहिले त्यातून हा हॉल झाला. तो जगाने बघावा म्हणून आपण चाळीस माणसांना सतरंजीवर बसवलंत, पेढे वाटलेत, ताईला देवळात जाऊ दिलं नाहीत. कॅमेरा फिरायला लागला तसे आपण उठून काठीने दाखवायला लागलात: हे झुंबर, ह्या टाइल्स, हा सोफा. (हे सगळं मला शेजारच्या सोजरबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या तीनदा हसल्या.) सोफ्यावरून कॅमेरा वर गेला, आणि आपली काठी टेकली ती आपल्याच हारावर. समोर कोणीतरी परकी बाई रडत म्हणते आहे, गेलात ना मला सोडून. मग ताई उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

तिथपर्यंतचा आपला राग मला मान्य आहे. त्यापुढचा नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या कांताआत्या टीव्हीवरचा हार बघून पहिल्या एसटीने कडू घास घेऊन आल्या, गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आल्या, आणि ओट्यावर आपल्याला दाढी करताना बघून म्हणाल्या, “आरं सोन्या, तू हाईस की रं. मंग ह्या पिठल्याचं काय करू?” यात माझा काय दोष? बाईंनी एक फोन करायला हवा होता. आणि ते पिठलं-भाकरी आपण बसून खाल्लंत, दाजी, दोनदा मागून घेतलंत. स्वतःच्याच दुखवट्याचा घास गोड लागला तेव्हा तोंडाला कुलूप नव्हतं, मग बंगल्यालाच का? बिल्डर दहा वाजता पुष्पचक्र घेऊन आला आणि त्याच पिशवीत खालच्या रानाचे कागद वारसांच्या सह्यांसाठी घेऊन आला, याबद्दल तर माझे आभार मानायला हवेत. दोन वर्षं आपण त्याला भला माणूस म्हणत होतात. तो पिशवीतून काय काढतो ते मेल्यावर कळलं असतं तर आपल्याला त्याचा काय उपयोग होता? शिवाय जिवंत माणसाची गेल्याची वार्ता उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे मी नाही, कांताआत्याच जाताना सगळ्यांना सांगून गेल्या. चाळीस माणसं, एक एसटीभर प्रवासी आणि चॅनेलचे प्रेक्षक धरले तर आपण सहज शंभरी गाठता.

इकडे आपल्या कुलपामुळे माझी काय दैना झाली ते ऐका. हॉल नाही म्हणून आम्ही माझ्या ऑफिसात एक पडदा टांगला आणि अख्खं देशमुख घराणं त्याच्यापुढे उभं केलं. सगळे जवळून दाखवायचे, कारण मागे दोन फुटांवर कपाट आहे. गेल्या आठवड्यात सासू पडद्यापुढे रागावली, सून पडद्यापुढे बेशुद्ध पडली, धाकटा मुलगा अमेरिकेहून आला तो थेट पडद्यापुढे. साताऱ्याच्या एका प्रेक्षकाने पत्र लिहून विचारलं आहे की, देशमुखांच्या घरात त्या पडद्यामागे पाहुणा दडवला आहे काय? चॅनेलवर या मालिकेचं सगळं बघते ती संस्कृती. (नाव संस्कृती, बोलणं इंग्रजीत, रागावली की हिंदीत.) परवा ती हिंदीत बोलली.

आता शेवटचं, आणि हे मला बोलून दाखवता आलं नसतं म्हणून लिहितो. उत्कर्षा म्हणाली ना, ज्याच्यावाचून घर पोरकं वाटेल असा चेहरा? त्या दोन मिनिटांत मी फ्रेम, खिळा, उजेड यांचा विचार करत नव्हतो. नोकरी सोडून आलो त्या दिवशी वडिलांनी मला दाराबाहेर उभं केलं होतं. आपण राजदूतवर बसवून मला वारज्याला आणलंत, ताईला म्हणालात, इंदरला जेवायला वाढ, आणि पुढे दहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत की तुझं काय चाललंय. आपण घरात नसाल तर काय होईल असं मनात आलं. ते कॅमेऱ्यात यावं असं मला वाटलं. चुकलं. ताईने टीव्ही बंद केला तेव्हा तिचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला असं सोजरबाई म्हणाल्या, आणि हे सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत. त्या हाताबद्दल मला बारा दिवस झोप नाही. बाकी कशाबद्दलही मी दिलगीर नाही.

ताईस नमस्कार, म्हशींच्या पाठीवरून हात. लोभ नसला तरी राग तरी माझ्यावरच ठेवावा, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

आपला नालायक मेव्हणा,
इंद्रजीत

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं आहे, ते खरंच आहे. चावी हे मागणं नव्हे. ती गुरुवारी सकाळी नऊपर्यंत सोजरबाईंकडे ठेवावी.

ता. क. २. चावीबरोबर आपणही थांबावं. मालिकेला आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त पत्रं अप्पासाहेबांबद्दल आहेत. बायका लिहितात, असा माणूस जाता कामा नये. संस्कृती म्हणाली, मग तो गेलेलाच नाही. परागंदा होता, परत येतो. हे काम दुसऱ्या कोणाला देता येत नाही, चेहरा आपला आहे. फेटा बांधून दारातून आत यायचं, भिंतीवरचा हार आपल्या हाताने काढायचा आणि “मी जिवंत आहे” एवढंच म्हणायचं. आळीला पुन्हा सतरंजीवर बसवा, कांताआत्यांना बोलवा, बिल्डरला अगदी पुढे बसवा. आणि टीव्ही ताईला लावायला सांगा. तिच्यासाठीच हे करतो आहे. कृपया कॅमेऱ्याकडे बघू नये.

ता. क. ३. इथपर्यंतचं पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवावं. पुढचं मनात वाचावं.

ता. क. ४. परत आल्यावर तीन आठवड्यांनी अप्पासाहेब पुन्हा जातात, या वेळी नक्की. मी संस्कृतीशी पुष्कळ भांडलो, पण ती ऐकत नाही. या खेपेला हार खऱ्या फुलांचा असेल आणि फोटो आपण निवडाल तोच. त्या संध्याकाळी साडेसात ते आठ वारज्यातली केबल बंद राहील. केबलवाल्या नागोरावांशी मी बोलून ठेवलं आहे.