पावतीवरची सही

सोमवार, ता. ९

चि. बारक्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. तू कसा आहेस हे विचारायची रीत म्हणून विचारते. कोठडीतला माणूस कसा असणार, एवढी अक्कल मला आहे. जेवतोस ना? की तिथेही भाजीतला कांदा निवडून ताटाच्या कडेला लावतोस?

वकीलबाईंबरोबर दोन पायजमे पाठवतेय. नाडी चालणार नाही म्हणाले, म्हणून इलॅस्टिक घातलंय. माप जुनंच धरलं. घट्ट झाले तर समज, बारक्या हे नाव आता तुला शोभत नाही.

दुकानात गणवेशांचे ढीग पडलेत. काल एका स्कर्टची दुमड उलट्या बाजूला शिवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

वकीलबाई परवा आल्या होत्या. बाई चांगल्या आहेत, फक्त बोलतात फार भरभर. म्हणाल्या, परदेशातल्या कोर्टाने दिलेली शिक्षा इथे भोगायला लावायची, तर धरलं आणि टाकलं आत, असं चालत नाही. अटक का केली ते तुला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं, वकील द्यावा लागतो, घरच्या एका माणसाला कळवावं लागतं. तू माझं नाव दिलंस. फोन आला तेव्हा कापड तसंच मशीनखाली सोडून मी भिंतीला टेकले.

आणि मुख्य म्हणजे, तिकडे खटला चालू आहे हे तुला कळलं होतं का, ते इथल्या न्यायाधीशांना पाहावं लागतं. कळवलंच नसेल, तर ही तीन वर्षांची शिक्षा तुझ्यावर लादता येत नाही. खटला पुन्हा चालतो. मग तिकडच्या बंदरावरच्या तुझ्या क्रेनचा पट्टा झिजलाय हे तू साहेबांना दोनदा सांगितलं होतंस, ते तुला बोलता येईल. तो पट्टा तुटून खालच्या माणसाचा पाय गेला, ते तुला किती लागलं होतं, मी पाहिलंय.

"अडचण एकच," बाई म्हणाल्या. "समन्स घेतल्याची टपालाची पावती फायलीत आहे. आणि तुमचा भाऊ म्हणतो, सही माझीच."

त्यांनी पावतीची नक्कल माझ्यापुढे ठेवली. सहीखाली दोन टिंबं होती.

गाढवा, तू ती टिंबं ओळखलीस! तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकायचे, आणि टिंबं द्यायची माझी खोड तेव्हापासूनची. ओळखलीस, आणि तरी म्हणालास, माझीच.

आता आडवळणं पुरेत. तू परत येऊन पाच महिने झाले होते. पोस्टमन आला तेव्हा तू आंघोळीला गेला होतास. पाकिटावर तिकडचा शिक्का. मला वाटलं, बंदरावरून पुन्हा बोलावणं आलं. तू तिकडे होतास ती सात वर्षं मी या घरात भिंतींशी बोलले होते रे. तू पुन्हा जायला नको होतास मला. तुझ्या नावाने सही केली आणि पाकीट कापड बेतायच्या कागदांखाली सरकवलं. उघडलंसुद्धा नाही. वकीलबाईंना आधी म्हटलं, विसरले. विसरले नव्हते. रोज त्याच कागदांना हात लागत होता.

पाकीट होतं तसं बंद त्यांच्या हवाली केलंय. जबाबही लिहून दिलाय. "यात तुम्ही अडकाल," त्या म्हणाल्या. म्हटलं, अडकू दे. करावं तसं भरावं. पण मी केलेलं त्याने का भरायचं?

उद्या न्यायाधीश तुला पुन्हा विचारतील. मला पाठीशी घालू नकोस. लहानपणी तू मार खायचास, पण माझं नाव घ्यायचा नाहीस. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आता माझी मलाच लाज वाटते.

मी पुढच्याच बाकावर बसेन. कदाचित रडेनही, तिकडे बघू नकोस. मोठ्या बहिणीची आज्ञा समज, विनवणी समज, काय हवं ते समज. पण उद्या भर कोर्टात माझी चुगली कर.

तुझी,
ताई