फीबल कोण?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सचिवांनी ग्रुपवर इंग्रजीत हुकूम सोडला. कचारगडच्या गुहांच्या सहलीला 'फीबल' सभासद नकोत! आणि खाली नाव एकच, माझ्या शेजारच्या विमलचं. नवरा गेल्यापासून ती गोंदियाबाहेर पडलेली नाही.

दुपारी काठी टेकत आली. "काऊन वो बाई, फीबल म्हणजे कोन?"

अशक्त, मी सांगितलं. माणसाला लावतात, हातापायांना लावतात, आवाजालाही. दोन वाक्यं करून दाखवली. वाटलं, आता रडेल.

"माय नी इज फीबल," गुडघ्यावर थाप मारत ती म्हणाली. मग काठी आपटून, "आय ॲम नॉट फीबल. बराबर हाय ना?"

बरोबर! विशेषण नेमकं कुणाचं, हे आम्हाला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी पट्टी मारून शिकवलं. हिला एका दुपारीत समजलं. वर माझा चहा पिऊन म्हणते, "युवर टी इज फीबल!" चहाला वीक म्हणतात, पण मी सुधारलं नाही. इतकं खरं माझ्या तोंडावर कोण बोलतं?

गुडघा फीबल. विमल नाही. गुहेपर्यंत चढता आलं नाही तर पायथ्याशी बसेल, आम्हा सगळ्यांना नावं ठेवत.

उद्या ग्रुपवर हेच टाकते: सचिवसाहेब, ते विशेषण मागे घेता का, आणि विमलची बसमधली जागा पक्की का, शनिवारी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तोंडी 'देखेंगे' चालणार नाही.