शेवंतीचा शोक आणि मागच्या दारचा दिवा

मी, श्रीमती नीना मुरलीधर टिपणीस, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एजवेअर, लंडन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. घरच्यांचा मागितला नाही.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगा परीक्षित यास. बागेची हत्यारे नात तनिषा हिला.

२. महिला मंडळातील रेखाताई रांगणेकर यांना काहीही नाही. या देशात मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही, म्हणून त्यांना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

३. मागच्या अंगणातील शेवंतीबाबत कबुली देते. हे गेल्यावर ती दोन वर्षे फुलली नाही. "झाडाने शोक धरलाय," असे मी मंडळात म्हणाले आणि रेखाताईंनी ते एजवेअरभर केले. बायका झाडाला हळदकुंकू वाहून जाऊ लागल्या. मी सगळ्यांना चहा देत राहिले. खरे सांगते, मला बरे वाटत होते.

मग तनिषाने सांगितले, "आजी, तो सॅड नाहीये. त्याला लाँग नाइट पाहिजे. मध्येच लाइट लागला तर त्याला वाटतं समर आहे."

दिवा परीक्षितचा. ह्यांचे तेरावे झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तो बसवला. "आई, तू आता अलोन आहेस. सेफ्टीसाठी." अंगणात काही हलले की दिवा लागतो. चोर एकही आला नाही; कोल्हे रोज येतात.

४. गेल्या ऑगस्टात मी दिवा काढवला. नोव्हेंबरात शेवंती भरभरून फुलली आणि मला तिचा भयंकर राग आला. दोन वर्षे रडायचे काम मी झाडावर टाकले होते, परीक्षितने दिव्यावर. ह्यांच्यासाठी आम्ही मायलेक एकदाही एकत्र रडलो नाही. याची मला लाज वाटते.

५. माझ्यामागे शेवंती वेळेवर फुलेल. त्यात माझा आत्मा शोधू नये; रात्र मोठी झाली, एवढेच समजावे.

परीक्षित, बाळा, मी गेल्यावर घरात काहीही बसवू नकोस. तनिषाला जवळ घे आणि मोकळेपणी रड. घर तुला याच अटीवर दिले आहे. अशी अट कायद्यात टिकत नाही, असे वकील म्हणतात. तू टिकव.

सही: नीना मुरलीधर टिपणीस

साक्षीदार:
१. रेखा रांगणेकर (मजकूर वाचू दिलेला नाही)
२. ज्ञानेश्वर पोतनीस, शेजारी

एजवेअर, १६ नोव्हेंबर २०२४