रिकाम्या खुंट्यांचं उत्पन्न

प्रिय आबा,

हे पत्र आपली धाकटी रत्ना तुम्हाला वाचून दाखवील. रत्ने, आधीच सांगते, मधली एकही ओळ गाळायची नाही आणि आबांची भुवई वर गेली म्हणून आवाज खाली आणायचा नाही. हे सगळं फोनवर सांगायचं मी दोन-तीनदा ठरवलं होतं. पण एक तर तुम्ही वरच्या कातळावर आल्याशिवाय फोन लागत नाही, आणि लागला की 'बरी हाईस नव्हं? जेवलीस का?' एवढं विचारून तुम्ही मोबाईल आईच्या हातात देऊन मोकळे. पत्राला तसं करता येत नाही. कुंडलिककाकांच्या दुधाच्या टेम्पोतून ते पालीपर्यंत येईल आणि तिथून रत्नाच्या दप्तरातून वाड्यावर. तेव्हा आता शेवटपर्यंत ऐकावंच लागेल तुम्हाला.

मी बरी आहे. या महिन्यात कॉलेजात आम्हाला गोळ्या तयार करायला शिकवलं. माझी पहिली गोळी बोटात धरताच तिचा भुगा झाला. दुसऱ्या खेपेच्या इतक्या टणक झाल्या की पाण्यात तासभर ठेवल्या तरी विरघळेनात. सर म्हणाले, या पेशंटला देऊ नका, गोफणीत घाला. सगळी प्रयोगशाळा हसली, मीही हसले. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. आईला सांगा, अंगावर मूठभर मांस कमी झालंय ते मेसच्या आमटीमुळं, अभ्यासामुळं नाही. आणि तिनं पाठवलेलं तूप खोलीतल्या चौघीजणी बोटानं चाटून संपवतात, भाताला राहतच नाही.

गेल्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, मुलींना फी माफ आहे म्हणतात, मग हिला पैसे लागतात कशाला? फी माफ आहे, खरं आहे. पण खोलीचं भाडं माफ नाही, मेस माफ नाही, पुस्तकं, पांढरा कोट, बसचा पास, काहीच माफ नाही. त्यासाठीच सरकारची ती योजना आहे. आपल्या धनगरांच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्या-जेवणाचा खर्च खात्यावर येतो. माझे मार्क त्यात बसतात. जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली आहे. माझा अर्ज नापास झाला तो एका उत्पन्नाच्या दाखल्यावर. आपलं उत्पन्न मर्यादेच्या वर निघालं, आबा! आपलं! ते कसं निघालं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. फक्त वर्षभर आपण दोघांनी तो विषय काढला नाही. आज काढते.

तलाठ्याच्या कचेरीत मी तुमच्या शेजारीच बसले होते. त्यानं विचारलं, जनावरं किती? आपल्याकडं जनावर मोजून कुणाला सांगत नाहीत, आणि सांगायचीच वेळ आली तर उतरता आकडा तोंडातून काढत नाहीत. कमी सांगितलं की भैरवनाथ तेवढंच ठेवतो, असं गेनबा आज्यापासून ऐकत आलोय. तर तुम्ही डोळे मिटलेत आणि गोठ्यातून चालत गेल्यासारखं एकेका खुंट्यावर हात ठेवत मोजलंत. आज्यानं रोवलेला प्रत्येक खुंटा आला त्यात. गाभण म्हशींच्या पोटातलं आलं. चरायला सांभाळलेली दुसऱ्यांची जनावरं आली. तलाठी आपल्याच भागातला, त्याला सगळं दिसत होतं. पेन थांबवून तो दोनदा म्हणाला, 'बाजीबाबा, पोरीच्या कामाचा कागद हाय, नीट आठवून सांगा.' आणि तुम्ही छाती काढून म्हणालात, 'सांगितलं तेवढं लिवा. आमी जनावराची मान्सं, आमाला कमी पडत न्हाई.' त्यानं लिहिलं. दुधाचा हिशेब लावला, तुपाचा लावला, आणि आपण एका सकाळीत श्रीमंत झालो. घरी येताना तुम्ही खुशीत होता. मला भज्यांचा पुडा घेऊन दिलात. तो मी खाल्ला, तेवढं मात्र कबूल करते.

त्यातले निम्म्याहून जास्त खुंटे रिकामे आहेत, आबा. जनावरांत लंपीची साथ आली तेव्हा मी बारावीत होते. चंद्री गाय आधी बसली, मग तिची कालवड, मग एकामागून एक. तुम्ही पावसात खाली उतरून एका मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. काउंटरवरच्या माणसानं माणसांच्या तापाच्या गोळ्या देऊन सांगितलं होतं, जनावर मोठं आहे, चार चार घाला. गाई त्या गोळ्यांनी गेल्या असं मी म्हणत नाही, त्या लंपीनंच गेल्या. पण त्या माणसाला काही कळत नव्हतं, तरी तो औषध विकत होता, आणि भिंतीवर काचेत परवाना दुसऱ्याच कुणाचा तरी होता. चंद्रीच्या तोंडात तुम्ही ती पूड कालवून घालत होता, ती तुमचा हात चाटत होती, आणि मी कंदील धरून उभी होते. मी फार्मसीला का गेले, असं आत्या चारचौघांत विचारते तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगते. खरं कारण हे आहे. वेल्ह्यात माझं स्वतःचं मेडिकल असेल, काचेत माझं नाव असेल आणि काउंटरवर मीच उभी असेन. मेलेल्या गाईंचे खुंटे तुम्ही उपटले नाहीत. मी का म्हणून समजून घेणार नाही? रोज संध्याकाळी तुम्ही त्या खुंट्यांपुढचंसुद्धा झाडता, ते मी पाहिलंय. पण त्या खुंट्यांचं दूध सरकारनं माझ्या नावावर धरलंय, आणि ते मला पुरत नाही.

आता ठकुबाई आत्याचं बोलते. गेल्या वर्षाचा सगळा खर्च तिनं केला, मी ते विसरणार नाही. कापूरहोळला उतरले की ती मला जेवल्याशिवाय सोडत नाही, येताना पिशवीत लाडू घालते. जीव आहे तिचा माझ्यावर. तिचा मुलगा स्वरूपही वाईट नाही. टायरच्या दुकानात दिवसभर राबतो, व्यसन नाही, बोलतो मात्र टायरांविषयीच. मला त्याचा राग नाही. पण यंदा आमची सुपारी फोडायची असं तुम्ही दोघा बहीण-भावांनी ठरवलंत, तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. आत्या म्हणाली, 'दुसरं वरीस झालं की बास. टायरच्या दुकानात काय औषदं इकनार व्हय ती?' तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं होतं, बोलाल. नंतर आईनं विषय काढला तर तिला म्हणालात, 'सरकारचं घ्यायचं म्हंजी मागून खायाचं. भनीचं घेतलं तर घरचंच हाय.' आबा, हे मला कुठंतरी मनाला लागलंय, म्हणून सरळ बोलते. बहिणीचं घेतलंत तुम्ही, आणि फेडायचं मी. तेही पैशानं नाही, अख्ख्या जन्मानं. सरकारचा पैसा माझ्या मार्कांवर येतो, तो घेताना मला कुणाच्या उंबऱ्यावर माप ओलांडावं लागत नाही. यातलं मागून खाणं कुठलं, ते तुम्हीच रात्री पडल्या पडल्या ठरवा.

एक गोष्ट सांगते. लहान मुलाला औषध त्याच्या वजनावर देतात. मागच्या आठवड्यात आम्ही दवाखान्यात काम शिकायला गेलो होतो, तिथं एक आजोबा नातवाचं वजन विचारलं की दोन-चार किलो वाढवूनच सांगत. पोर रोडकं आहे असं कुणी म्हणू नये म्हणून. नर्सनं पोराला उचलून काट्यावर ठेवलं तेव्हा आजोबांना राग आला. पण औषध मात्र बरोबर मिळालं. मला तिथं तुमचीच आठवण आली आणि हसूही आलं.

रत्ने, आता सावकाश वाच. आबा, मी हे पत्र का लिहिलं ते ऐका. परवा कॉलेज बुडवून मी वेल्ह्याच्या कचेरीत गेले आणि माझ्या सहीचा अर्ज देऊन आले, की माझ्या वडिलांनी सांगितलेली जनावरं गोठ्यात नाहीत, फेरचौकशी करा. तुम्हाला न विचारता दिला, आणि पुन्हा द्यावा लागला तर पुन्हा देईन. कारकुनानं विचारलं, मग खरी किती आहेत ते लिही. मी पेन उचललं. आबा, उतरता आकडा माझ्याही हातून लिहवला नाही. तुमचीच पोर ना मी. मी लिहिलं, येऊन बघा. सोमवारी सकाळी मंडळ अधिकारी वाड्यावर येणार आहेत. तुम्ही त्यांना काही सांगायचं नाही. खरं नाही, खोटं नाही, आकडा तर मुळीच नाही. भैरवनाथाला ऐकायला काही नकोच. फक्त त्या दिवशी जनावरं चरायला सोडू नका, आणि गोठ्याचं कवाड उघडून बाजूला उभे राहा. मोजणारे मोजतील. सुपारी होणार नाही, हे आत्याला मी स्वतः कापूरहोळला उतरून सांगणार आहे, ते ओझं तुमच्यावर नाही. आणि कवाड उघडणं तुमच्याच्यानं होणार नसेल, तर मी रविवारच्या शेवटच्या एसटीनं येतेच आहे, मी उघडीन. पण तुम्ही उघडलंत, तर उद्या दुकानात कुणी विचारलं की पोरी, तुला शिकवलं कुणी, तर मला सरकारचं नाव सांगावं लागणार नाही.

तुमची, तुमच्याइतकीच हट्टी,
सुलक्षणा