शेवाळाच्या गावचा गोलरक्षक

मुरांग, १२ ऑक्टोबर

चि. चिलसोंग यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून पुन्हा रागावू नकोस. फोनवर तू ओरडतोस, आणि माझ्या कानाला तेवढं ओरडणंच ऐकू येतं, शब्द येत नाहीत. पत्रात तू निदान हळू बोलतोस.

सोदामला आठवा लागलाय. सून म्हणून कौतुक करत नाही, पण एवढं पोट घेऊन दुकानात बसते आणि वाळल्या समुद्री शेवाळाच्या जुड्या माझ्यापेक्षा घट्ट बांधते. जेहाचं म्हणशील, तर तुझ्या भाच्याचे पाय सध्या जमिनीवर नाहीत. आपला क्लब सलग सहा सामने जिंकलाय आणि सहाही वेळा गोलात तोच उभा होता. मासळीबाजारात मला आता कुणी ओकबुन म्हणत नाही, गोलरक्षकाची आई म्हणतात. मीही ऐकून घेते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. पहिला नंबर आला तर क्लब वरच्या लीगमध्ये जाणार, आणि तिथे दहा हजार खुर्च्यांचं स्टेडियम लागतं. आपलं मैदान तुला ठाऊक आहे. धक्क्याला लागून, छप्पर नाही, जोरात मारलेला चेंडू होडीतून आणावा लागतो. हंगाम संपला की नवीन स्टेडियमवर नगरपरिषद मत देणार. बांधायचं नाही असं ठरलं, तर क्लबची मालक कंपनी सगळा बाडबिस्तरा उचलून प्रांताच्या राजधानीत नेणार. क्लब गेला की जेहा गेला, सोदाम गेली आणि पोटातलं ते पिल्लूही गेलं. मग मी आणि शेवाळ.

म्हणून गावाने बंदी घातली आहे. सामन्याच्या आदल्या दिवसापासून कुणी शेवाळाचं सूप करायचं नाही, खायचं नाही. परीक्षेला निघालेल्या पोराला जे बुळबुळीत म्हणून आपण घसरण्याच्या भीतीने देत नाही, ते गोलरक्षकाच्या गावाने कसं खावं? ज्या शेवाळावर आपण जगतो त्याच्यावरच बंदी, हसू नकोस. स्टँडात ढोल वाजवणारे प्यो मास्तर घरोघर सांगत फिरले, आणि त्यांच्यापुढे मी.

खोकल्याला आलं उकळून घे. माया आहे तशीच राहू दे, खोकला तेवढा जाऊ दे.

तुझी ताई,
ओकबुन

देजिन, ३ नोव्हेंबर

ती. ओकबुनताईस चिलसोंगचा शि. सा. न. वि. वि.

नऊ झाले म्हणे. अभिनंदन करतो, पण दात-ओठ खाऊन. सलग अकरा विजयांचा विक्रम आमच्या देजिनचा आहे आणि त्या संघाचा फोटो माझ्या सलूनमध्ये आरशाच्या वर लावलेला आहे. गिऱ्हाईक मान वर करतं तेव्हा तोच दिसतो. तुमचा शेवटचा सामना आमच्याशीच, तोही तुमच्या त्या होडीवाल्या मैदानावर. तोवर तुम्ही अकरावर पोचलात, तर बाराव्याला आम्ही वाट अडवून उभे आहोतच. घोडामैदान जवळच आहे.

आमचे लोक काठ्यांना ओलं शेवाळ बांधून आणणार आहेत, तुम्हाला घसरवायला. शेवाळ मीच पुरवतोय. तू पाठवलेलं पार्सल भिजत घातलं की झालं. पैसे मागू नकोस, भेट दिली होतीस.

चेष्टा पुरे. क्लब हललाच तर माझ्याकडे ये. सलूनच्या वर एक खोली रिकामी आहे. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी सांगून ठेवलं. सोदामला जपा, आणि जेहाला सांग, मामा विरुद्ध बाजूला असला तरी मामाच आहे.

तुझी माया आहेच, ती विक्रमाच्या पलीकडेही चालू ठेवावी.

तुझा,
चिलसोंग

मुरांग, २० नोव्हेंबर, शुक्रवार

चि. चिलसोंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मिळेल तेव्हा उद्याचा सामना होऊन गेलेला असेल. तरी लिहिते, कारण आज कुणाशी तरी बोललंच पाहिजे. सोदाम आज पहाटे बाळंत झाली. मुलगी. दोन आठवडे आधीच आली, पण आवाज खणखणीत आहे. मलासुद्धा ऐकू आला.

आता माझी अडचण बघ. बाळंतिणीच्या पहिल्या जेवणाला शेवाळाचं सूप, तेही सासूच्या हातचं, आणि त्याआधी वाटीभर बाळाला राखणाऱ्या जन्मदेवी आजीपुढे. आणि आज सामन्याचा आदला दिवस. बातमी फुटायच्या आत प्यो मास्तर दारात हजर. हातात टोपी, नजर जमिनीवर. म्हणाले की आज कॉड माशाचं सूप चालणार नाही का, उद्या सामना झाला की अख्खं गाव तिला शेवाळ आणून देईल. चिलसोंग, मी विचार केला. खोटं का सांगू, चांगला अर्धा तास केला. क्लब राहिला तर पोरं राहतात, मग एका दिवसाने काय बिघडतं, असं मन म्हणत होतं.

मग दवाखान्यात गेले. सोदामला सगळं आधीच कळलं होतं. पांढरी फटक पडली होती, तरी हसून म्हणाली, "आई, मी थांबते. सामना होऊन जाऊ दे." तेव्हा माझी मलाच लाज वाटली. जिला जवळ ठेवायला एवढा आटापिटा, तिलाच उपाशी ठेवायचं?

घरी येऊन सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. तिळाच्या तेलात शेवाळ परतलं तेव्हा वास पार धक्क्यापर्यंत गेला असणार. ते पातेलं मी भर बाजारातून चालत नेलं. लोक वळून वळून बघत होते. जेहाला प्रशिक्षकांनी तासभर सोडलं होतं. सोदामला सगळं संपेना, तर उरलेलं यानेच घेतलं आणि वाडगा तोंडाला लावून संपवलं. खिडकीबाहेर प्यो मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उद्याचं उद्या.

मामा झालास तेव्हा नाचला होतास, आता आजोबा झालास. गुडघे सांभाळून नाच.

तुझी ताई,
ओकबुन

देजिन, २४ नोव्हेंबर

ती. ओकबुनताईस शि. सा. न. वि. वि.

आमची बस सामना संपताच सुटली, म्हणून नात न बघताच परत आलो. तुझं पत्र आज मिळालं, आणि शनिवारी जे दिसलं त्याचा आता उलगडा झाला.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. आमच्या पोराने मारलेला साधा, लहान मुलाने धरावा असा चेंडू जेहाच्या हातातून सुटला आणि मागे जाळ्यात. आमचा सगळा स्टँड काठ्या नाचवत उठला. समोर तुमच्याकडे ढोल थांबला, आणि सगळ्या माना एका बाजूला वळल्या. सामना सोडून हे कुणाकडे बघताहेत ते मला कळेना. मग तू दिसलीस. त्या सगळ्यांच्या नजरेपुढे तू उठून उभी राहिलीस आणि जेहाच्या नावाने एकटीच टाळ्या वाजवायला लागलीस. आवाज माझ्यापर्यंत आला नाही, हात दिसत होते. हळूहळू तुझ्या आजूबाजूचेही वाजवायला लागले. माझ्या हातातली काठी खाली आली ती पुन्हा वर गेली नाही.

पुढचं तुला पाठ आहे, पण मला लिहायचंय. त्यानंतर जेहाने एकही चेंडू सोडला नाही. एकदा तर खांबावर खांदा आपटून घेतला, पण चेंडू बाहेर काढला. मध्यंतरानंतर तुम्ही बरोबरी साधलीत. आणि शेवटी त्याने समुद्राच्या वाऱ्यावर लांबवर मारलेला चेंडू तुमच्या त्या बुटक्या पोराला सापडला आणि दोन-एक झालं, तेव्हा मी देजिनच्या लोकांत उभा राहून ओरडलो. शेजारचा खाटीक अजून माझ्याशी बोलत नाही. दाढी मात्र माझ्याकडेच करून गेला.

सलग बारा, आणि पहिला नंबर. आरशावरचा फोटो उतरवतोय. नगरपरिषदेचं काय झालं ते ताबडतोब कळव, इथे माझाही जीव टांगणीला लागला आहे.

हरलेल्या भावावर जास्तच माया करावी.

तुझा,
चिलसोंग

मुरांग, ८ डिसेंबर

चि. चिलसोंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोदाम घरी आली त्या दिवशी मी फाटकावर गवताची दोरी बांधली, मुलगी म्हणून तीत कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या खोचल्या. आजकाल कुणी बांधत नाही, मी बांधते. तीन आठवडे परक्या माणसाने आत यायचं नाही. संघ चषक घेऊन आला, तो दोरीबाहेर. कर्णधाराने चषक दोन्ही हातांनी उंच धरला आणि सोदामने खिडकीतून बघितला. प्यो मास्तर रोज येतात, दोरीशी उभे राहून बाळंतिणीचं जेवण झालं का विचारतात.

काल महापौर आले. मोटार, कॅमेरेवाले, फुलं, सगळा लवाजमा. गोलरक्षकाच्या घरात बसूनच बातमी सांगायची, असं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना फाटकात थांबवलं. म्हटलं, साहेब, तुम्ही मोठे, पण दोरी तुमच्याहून जुनी आहे. त्यांनी बूट काढायला घेतले होते ते परत घातले, आणि थंडीत उभं राहून, मला ऐकू यावं म्हणून ओरडून सांगितलं की परिषदेने स्टेडियम मंजूर केलं, जागा जुन्या मिठागराची, आणि क्लब मुरांगमध्येच राहणार. गल्लीभर जो कल्ला झाला त्याने बाळ उठलं. मी सगळ्यांना दटावलं, महापौरांनाही.

कॅमेरेवाल्यांनी माझ्यापुढे माइक धरला आणि काय वाटतं म्हणून विचारलं. मी महापौरांनाच उलट विचारलं, बांधून कधी होणार? म्हणाले, दीड-दोन वर्षं तरी लागतील, तोवर जुनं मैदान चालवून घ्यायचं लीगने कबूल केलंय. चिलसोंग, एवढ्या लोकांसमोर मी बाहीने डोळे पुसले म्हणून मला हसू नकोस. मी त्यांना म्हटलं, "सावकाश बांधा. क्लब इथेच राहणार, म्हणजे तोवर आमची पोरगी माझ्याच अंगणात चालायला शिकणार."

तुझी ताई,
ओकबुन