दारापुढची शेड

५ मे, सकाळी ७.१०
गल्लीत मुलांचं फोटोग्राफीचं शिबिर सुरू. विषय 'आपली गल्ली'. रेश्माताई सावेडीहून येऊन शिकवतात. फी नाही. फुकट कोण शिकवतं? मागे नक्की अतिक्रमणवाले. दारापुढची माझी पत्र्याची शेड रस्त्यावर तीन फूट पुढे आहे. बावीस वर्षांत कोणाला खुपली नाही.

६ मे
पलीकडच्या घरातली अफ्रीन, वय नऊ, शेडचे पाच फोटो काढून गेली. कशाला, विचारलं. म्हणाली, "काका, भारी दिसतं ते." इतकं साधं उत्तर म्हणजे पढवलेलं.
ठरवलं: शांत राहायचं. पाळत ठेवायची.

७ मे, दुपारी १
पडद्याआडून पाहिलं. अफ्रीन गटारापासून शेडच्या खांबापर्यंत पावलं मोजत गेली. चार. वहीत लिहिलं. शिबिरातली मुलं गल्लीचा नकाशा काढतायत म्हणे. मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. मोजणी, नकाशा, मग नोटीस. क्रम ठरलेला.
आमच्या हिचं म्हणणं, उन्हाने डोकं तापलंय तुमचं. हिला सरकारी काम कळत नाही.

८ मे
नोटिशीआधी आपणच शेड उतरवली. आता येऊ देत. समोरचा अजिनाथ मदतीला आला. त्याला विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. म्हणाला, "भाऊ, लई पुढचा इचार करता तुमी." खरं आहे. पत्र्यांची अडचण नको म्हणून तोच घेऊन गेला. सज्जन माणूस.

९ मे, दुपारी ३
४१ अंश. उंबऱ्यात बसवत नाही. पण मन गार. गल्लीत माझ्याइतकं नियमात कोणी नाही. जेवताना ही एक शब्द बोलली नाही. कौतुक वाटलं असणार.

११ मे, रविवार
प्रदर्शन झालं. अतिक्रमणवाला एकही नाही. मुलांच्या नकाशात सगळ्यात मोठी माझी शेड. खाली अफ्रीनचं अक्षर: 'आम्ही इथे खेळतो. गल्लीत सावली इथेच आहे.' रेश्माताई म्हणाल्या, प्रदर्शन तुमच्याच शेडखाली लावायचं होतं, विचारायला आलो तर शेडच नाही.
मग अजिनाथच्या दारात लावलं. त्याने कालच शेड उभी केली. पत्रे माझे. रस्त्यावर चार फूट.
आत पोरांची गर्दी. अजिनाथ म्हणाला, "भाऊ, या की सावलीला."
मला ऊन मानवतं, म्हणालो.