सुई उलटी जोडल्यावर

४ मार्च

शुक्रवारी पेपर जर्नलकडे जाणार. माझं नाव पहिलं. पदवीही त्याच्यावरच. आणि घास गोड लागत नाही.

आईला फोनवर पुन्हा सांगितलं — आमच्या प्रयोगातली सुई तापवायची नसते! टंगस्टनचं टोक इतकं बारीक, की व्होल्टेज चढवलं की थंड धातूतूनच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आमच्या सुईला निम्मंच व्होल्टेज पुरतं, म्हणून एवढा गाजावाजा.

"थंडपणे काम करते ना? मग तुझ्या बाबांवर गेलीय."

५ मार्च

भीती एकच. इथे लिहून टाकते. करंट टोकातून येतच नसेल तर? सुई ज्या चिनी मातीच्या बैठकीत बसवलीय ती मळली असेल, तर वीज तिच्यावरूनच सरपटत जाते. मीटरला काय, दोन्ही सारखंच.

खात्री करणं सोपं आहे. जोडणी उलटी करायची. सुई ऋण असेल तरच तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. धन केली की करंट शून्य व्हायला हवा. अशा गळतीला मात्र दिशा नसते. अर्ध्या तासाचं काम. आठ महिने टाळलंय!

माझे गाइड सर दारातूनच — "उलटं करून बघितलं असशीलच."

मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनी ठरवावं अशी.

६ मार्च

केलं!

व्होल्टेज चढवत गेले. शून्य. आणखी वर — शून्य! खुर्चीत बसून एकटीच हसत होते. दुपारी माझा डबा संपवून सरांच्या डब्याला हात घातला. "अगं, झाकण तरी ठेव मला."

जीव भांड्यात पडला. पेपर एक दिवस आधीच पाठवला.

७ मार्च

काही केलं नाही. नुसती चालत राहिले.

१० मार्च

मीटर दुरुस्त करणारे काका आले होते. मीटरवर हात ठेवून म्हणाले, "पाच वर्षं झाली, जळला नाही. का, सांगा! याच्या पोटात मी डायोड बसवलाय. उलटा करंट आला की मीटरला वळसा घालून बाजूने निघून जातो."

"मग मीटर काय दाखवतो?"

"शून्य. दुसरं काही दाखवलं तर मिशी उतरवीन."

मी त्यांना चहा दिला. मिशीवर हसलेसुद्धा.

म्हणजे माझ्या शून्याला काहीच अर्थ नव्हता. गळती असती तरी शून्यच दिसलं असतं.

११ मार्च

सरांना सगळं सांगितलं. आठ महिन्यांचं टाळणंही. ती मानसुद्धा. ते चष्मा पुसत राहिले.

"अर्ध्या तासाचं काम ना?"

"हो."

"मग चल."

१२ मार्च

डायोड काढून पाहिलं. उलटा करंट सुलट्याइतकाच — सगळी गळती. पेपर मागे घ्यायचं पत्र मीच लिहिलं. तीन ओळी. सरांनी एक शब्द बदलला नाही.

हलकं वाटतंय.